एकसारख्या दिसणाऱ्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांमधला फरक कसा ओळखावा

सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक बाराआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागणारं रिव्हॉल्व्हर. कोल्ट या अमेरिकी कंपनीचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी, त्याच्या बरहुकूम बनवलेलं इटलीतल्या उबेर्टीचं कॅटलमन आणि रुगरचं व्हकेरो शेजारी शेजारी ठेवलं, की नवख्या माणसाला तिन्ही भावंडंच वाटतात. मूठ तीच, घोड्याचा बाकही तोच. पण आतली यंत्रणा निराळी आहे, आणि ती कळली नाही तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तुलना रूपावरून करू नका.

आधी हत्यार रिकामं आहे का ते बघा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. उजवीकडचं लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं भरायची झडप, उघडा आणि सिलिंडरची सगळी घरं एकेक करून डोळ्यांनी तपासा.

हे तपासतानाच पहिला फरक हाती लागतो. कोल्टमध्ये सिलिंडर मोकळं फिरवायला घोडा अर्धा मागे ओढावा लागतो. रुगरच्या १९७३ नंतरच्या ‘न्यू मॉडेल’ रचनेत (व्हकेरो याच रचनेचं) घोडा खालीच असतो. नुसतं गेट उघडलं की सिलिंडर सुटतं, आणि गेट उघडं असेपर्यंत घोडा मागे येत नाही. कोल्टचा घोडा सावकाश ओढला तर चार ‘टक’ ऐकू येतात. न्यू मॉडेलमध्ये ते संगीत नाही, आणि जुन्या चाहत्यांना त्याची खरंच हुरहूर लागते.

आता घोड्याचं तोंड निरखा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. कोल्टच्या घोड्यावरच फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळून बार उडवणारं टोक, असते. घोडा खाली टेकलेला असताना ती थेट काडतुसाच्या टोपीपर्यंत, म्हणजे बुडातल्या ठोक्याने पेटणाऱ्या भागापर्यंत, पोहोचते. हत्यार हातातून निसटून घोड्यावर आपटलं, तर बार उडू शकतो. घोड्याला किंचित मागे अडवून धरणारी सुरक्षेची पहिली खाच असते, पण जोराच्या आघाताने ती तुटू शकते. म्हणूनच सहा घरांत पाचच काडतुसं भरून घोडा रिकाम्या घरावर टेकवायची रीत पडली.

न्यू मॉडेलच्या घोड्याचं तोंड सपाट दिसेल. पिन फ्रेममध्ये बसवलेली असते, आणि चाप पूर्ण दाबला तरच एक छोटी पट्टी वर येऊन घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोहोचवते. हीच ट्रान्सफर बार. चाप सोडला की पट्टी खाली जाते, दुवा तुटतो.

रुगर म्हटलं की सुरक्षित, असं मात्र धरून चालू नका. १९५३ चं सिंगल सिक्स आणि १९५५ चं ब्लॅकहॉक यांच्या जुन्या आवृत्त्यांत ही पट्टी नव्हती. त्यांच्या फ्रेमच्या बगलेवर तीन स्क्रू दिसतात. न्यू मॉडेलवर त्या जागी दोन पिना. उलट उबेर्टीच्या अलीकडच्या काही कॅटलमनमध्ये पिन घोड्यावरच असली, तरी चाप दाबलेला नसताना ती आत सरकते.

स्प्रिंगांचा फरक बाहेरून दिसत नाही. कोल्टमध्ये सपाट पट्टीच्या, रुगरमध्ये वेटोळ्यांच्या. पट्टीच्या स्प्रिंगा वापराने मोडतात, वेटोळ्यांच्या जास्त टिकतात.

आकार शेवटी मोजा. १९९३ चं व्हकेरो कोल्टपेक्षा थोराड होतं. २००५ चं न्यू व्हकेरो कोल्टच्या मापाजवळ आणलं गेलं. त्यामुळे एकाचं म्यान दुसऱ्याला बसेलच असं नाही.