"पोटात काय नाही, मग इन्सुलिन कशाला?" कीटोॲसिडोसिसमधी या चुका टाळा

माझ्या मावशीचा बारका, वय 19, टाइप वन डायबेटिस. चैत्र यात्रेला जोतिबाला गेलेला आणि इन्सुलिनचं पेन दुपारभर गाडीच्या डिकीत, उन्हात. रात्री घरी आला आणि उलट्या सुरू. मावशी म्हणाली ऊन बाधलंय, शेजारच्या काकांनी ओवा दिला, जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं, आणि सकाळी घरच्यांनी ठरवलं की पोरानं काय खाल्लंच नाही तर इन्सुलिन नको, साखर एकदम उतरंल.

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती काळजीपोटी होते म्हणून जास्त वाईट वाटतं. आजारपणात शरीराला इन्सुलिन कमी नाही, उलट बऱ्याचदा जास्त लागतं, कारण उपाशी असलं तरी लिव्हर साखर सोडतंच राहतं. इन्सुलिन नसलं की ती साखर रक्तातच फिरत बसते, पेशींना मिळत नाही, मग शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तात आम्ल वाढत जातं. हाच कीटोॲसिडोसिस. म्हणून लाँग ॲक्टिंग (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन बंद करायचं नाही. जेवणाच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

दुपारी मी गेलो तेव्हा पोरगं पलंगावर पडून असा खोल खोल श्वास घेत होतं जसं काय आत्ताच डोंगर पळत चढून आलंय. बसल्या जागी धाप कसली? आम्ल कमी करायला शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत असतं, त्याचा तो श्वास. कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1874 मधी हे लिहून ठेवलंय. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता, तो ॲसिटोनचा. (आमच्या एका पाहुण्यानं हळूच विचारलं, "पोरगं घेतंय काय?") हा वास सगळ्यांनाच कळतो असं नाही, त्यामुळं वास नाही म्हणजे कीटोन नाही असं धरू नका. पोटदुखी, सारखी तहान, सारखी लघवी, गुंगी हे पण बघा.

आता ग्लुकोमीटर. त्याची त्या दिवशी 480 होती म्हणून आम्ही घाबरून निघालो तरी. पण डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर साखर 180-200 असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, कारण या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. या गोळ्या घेऊन नवरात्रात कडक उपास धरणाऱ्या काकू-मावश्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर या गोळ्या साधारण 3 दिवस आधी थांबवायला सांगतात.

लघवीची कीटोन पट्टी घरात असू द्या, पण तिच्यावर सगळा भरवसा नको, या आजारात जो मुख्य कीटोन वाढतो तो तिला दिसतच नाही. रक्तातला कीटोन मोजायचं मीटर मिळतं, 0.6 च्या आत ठीक, 1.5 च्या वर गेला तर लगेच डॉक्टर, 3 च्या वर म्हणजे थेट हॉस्पिटल.

इन्सुलिन तापलं की काम करत नाही, बर्फात गोठलं तरी वाया. चालू पेन 30 डिग्रीच्या आत ठेवायचं, तेही बहुतेक करून 28 दिवसच. डोस घेऊनही साखर उतरत नसेल तर नवं पेन काढा.

आणि घरीच डोसावर डोस मारून झोपवू नका. हॉस्पिटलात सलाइन लावतात, पोटॅशियम तपासून मगच इन्सुलिनची ड्रिप, कारण इन्सुलिननं रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बारक्याला चार दिवस ठेवलं होतं.

काही पोरांना तर डायबेटिस आहे हेच माहीत नसतं. पोरगं वाळत चाललंय, तांब्यावर तांबे पाणी पितंय, मोठं होऊन परत अंथरूण ओलं करतंय, तर जंताचं औषध नंतर, त्याच दिवशी बोटातनं साखर बघा.

पहिल्या दवाखान्यात आम्ही फक्त "उलट्या होतायत" एवढंच सांगितलेलं, डायबेटिसचं कुणाच्या तोंडून निघालंच नाही. तुम्ही दारातनंच सांगा: टाइप वन आहे, शेवटचं इन्सुलिन अमुक वाजता घेतलंय, कीटोन तपासा. आणि ते डिकीतलं पेन पण सोबत न्या, दाखवायला.