बूम-बॅप बीटमधला पियानो ‘जुना’ कसा केला

९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) बूम-बॅप, म्हणजे जुन्या न्यूयॉर्क हिप-हॉपच्या धाटणीचा बीट बनवत होतो, ड्रम्स मस्त बसलेले पण पियानो एकदम चकचकीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डसारखा. रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) दिला, विनाइल रेकॉर्डची खरखर टाकली, काही फरक नाही, उलट सगळा चिखल.

मग बघितलं की त्या काळी न्यूयॉर्कची हिप-हॉपवाली पोरं हा जुना आवाज आणायची कसं. १९८७ ला आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलर मशीनमध्ये सॅम्पलिंगला (रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा उचलून साठवायला) एकूण जेमतेम १० सेकंद मिळायचे, म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने फिरवून कमी वेळात सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पिच (आणि त्यासोबत वेग) खाली आणायचे, त्यात मशीन १२ बिटचं, म्हणजे आवाज जरा ढोबळ साठवणारं, त्यामुळे आवाजाला जो खरखरीतपणा यायचा तोच तर आपल्याला हवा असतो ना.

सेम तेच केलं. प्रोजेक्ट १२० वर ठेवून कॉर्ड्स ५ सेमिटोन (अर्धे स्वर) वरच्या पट्टीत वाजवले, मोनोमध्ये बाउन्स केले (ऑडिओ फाइल काढली), बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) १२ बिटवर, सॅम्पल रेट २६ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि मग सॅम्पलरमध्ये ५ सेमिटोन खाली, की टेम्पो आपोआप ९० वर येतो. टाइमस्ट्रेच (पिच बदलला तरी वेग तोच ठेवणारी सोय) मात्र बंदच हवं हां, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

बेसशी भांडण होत होतं ते १८० हर्ट्झच्या खालचा पियानो कापल्यावर मिटलं. हाय-हॅटला ५८ टक्के स्विंग दिला (एकाआड एक ठोका किंचित उशिरा), पियानोचे तुकडे क्वांटाइझ न करता (म्हणजे ठोक्यावर आपोआप न बसवता) पॅडवर हातानेच वाजवले, थोडे मागे पडतात, पडू दे.