मोठे टायर, उंच गाडी: ॲक्सलचा रेशो किती ठेवायचा?

गाडी दोन-तीन इंच उचलली म्हणून ॲक्सलच्या रेशोला काही होत नाही. लिफ्टने बदलतो तो प्रोपेलर शाफ्टचा कोन. गाडीचा दम जातो तो नंतर चढवलेल्या टायरमुळे. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि इंजिनाला सगळेच गिअर जड होतात. पाचव्यात पिकअप मरतो, चढावर सारखं तिसऱ्यात यावं लागतं, चिखलात पहिला गिअरही पुरत नाही आणि क्लच अर्धा दाबून गाडी काढता काढता प्लेट जळते.

यावर गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं: "३३ चे टायर ना भाऊ? ४.८८ टाकून देऊ." कधी ते बरोबरही निघतं. पण मूळ रेशो किती, टॉप गिअर किती, गाडी जाते कुठे, यातलं काहीच विचारलेलं नसतं. क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली रेशो ठरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) काही दर महिन्याला बदलायची वस्तू नाही, त्यामुळे आधी अर्धा तास मोजमापाला द्यावा.

एक खुलासा: आकडा मोठा म्हणजे ओढ जास्त आणि त्याच वेगाला आरपीएमही जास्त. ४.८८ मध्ये प्रोपेलर शाफ्ट ४.८८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं.

आता गाडीत काय आहे?

कागदावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीत तर मुळीच नको. ॲक्सल कधी, कुठल्या गाडीचा बसवला हे सांगणारा माणूस सापडत नाही. सपाट जागी पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी टू-व्हीलमध्ये आणि न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली स्टँड द्या. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हाताने वीस फेरे फिरवा आणि दुसऱ्याने ॲक्सलजवळ शाफ्टचे फेरे मोजावेत. एक चाक जमिनीवर असल्याने डिफरन्शियल फेरे निम्मे करतो, म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागा. ४१ आले तर ४.१०, साडेपंचेचाळीसच्या किंचित पुढे गेले तर ४.५६, जवळजवळ ४९ आले तर ४.८८. मागे लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना सहज वेगवेगळं फिरू न देणारा डिफरन्शियल) असेल तर हा प्रकार चालत नाही. तिथे दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकत्र दहा फेरे फिरवायची.

ॲक्सल उघडाच असेल तर दात मोजा, क्राऊनचे भागिले पिनियनचे: ४१/१० म्हणजे ४.१०, ४१/९ म्हणजे ४.५६, ३९/८ म्हणजे ४.८८, ४३/८ म्हणजे ५.३८. हा शेवटचा आकडा विलीज सीजे-३बी या जीपचा, आणि महिंद्राच्या जुन्या जीप त्याच घराण्यातल्या. तुमच्या जीपमध्ये ५.३८ निघाला तर रेशोचा विषय तिथेच संपला. बारीक टायरवर ती हायवेला ओरडत असते, मोठ्या टायरवर उलट बरी चालते.

टायर मोजायचा, वाचायचा नाही

आकाराची आकडेमोड सोपी आहे. २३५/७५ आर १५ मध्ये २३५ चे ७५ टक्के, दुप्पट, अधिक १५ इंचांचे ३८१ मिमी, म्हणजे साधारण ७३३ मिमी व्यास. ३३ इंची म्हणजे ८३८. पण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो आणि प्रत्यक्ष चालतो तो आकडा शिक्क्यापेक्षा दोन-तीन टक्के कमी भरतो. खरा आकडा हवा असेल तर नेहमीच्या हवेवर टायरला आणि जमिनीला खूण करून गाडी पाच फेरे सरळ ढकला, अंतर मोजा, पाचाने आणि मग ३.१४ ने भागा. एकच पथ्य: जुना-नवा दोन्ही टायर एकाच पद्धतीने मोजा. एक शिक्क्यावरून आणि दुसरा टेपने घेतला की सगळं गणित तिरकं जातं.

आता नवा व्यास भागिले जुना व्यास, गुणिले जुना रेशो. उदाहरणासाठी मूळ रेशो ४.१० धरू: ८३८ ÷ ७३३ = १.१४३, आणि १.१४३ × ४.१० = ४.६९. हा आकडा बाजारात मिळत नाही. एका बाजूला ४.५६, दुसऱ्या बाजूला ४.८८. निवड इथे सुरू होते.

फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर मात्र काही करू नका. थारच्या २४५/७५ आर १६ वरून २६५/७५ आर १६ वर गेलात तर व्यास ७७४ वरून ८०४ होतो, चार टक्केही नाही. त्यासाठी दोन ॲक्सल उघडणं म्हणजे पैसे उडवणं.

४.५६ की ४.८८?

आरपीएम काढा: वेग (किमी/तास) × गिअरचा रेशो × ॲक्सलचा रेशो × ५.३ ÷ टायरचा व्यास (मीटरमध्ये). टॉप गिअर ०.८३ धरून १०० च्या वेगाला मूळ टायरवर सुमारे २४६० येतात. ३३ चा टायर आणि तोच ४.१० ठेवला तर २१५०. ४.५६ ला २४००, ४.८८ ला २५६०.

नुसत्या आकड्यांवर ४.५६ मूळच्या जवळ दिसतो. पण गणितात टायरचं वजन, लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरिअर आणि उंच गाडीला लागणारा वारा धरलेला नाही. हे सगळं अंगावर असेल तर वरचाच आकडा घ्यावा. मोठे टायर सोडले तर गाडी मूळ रूपात असेल आणि महिन्यातून चारदा नागपूरहून समृद्धीवरून शिर्डीकडे जात असेल तर ४.५६ पुरे. तिथे १२० च्या मर्यादेवर ४.८८ ला साधारण ३०८० आरपीएम होतात. डिझेल इंजिन ते सहज झेपवेल, पण चार-पाच तास तो आवाज कानात घ्यायचा आहे. रामटेक-पवनीकडच्या रानवाटा, पावसाळ्यातली काळी माती, चिखलदऱ्याचा घाट ही नेहमीची वाट असेल तर ४.८८ बद्दल शंका नको.

टर्बो डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट बघा: नेहमीच्या वेगाला टॉप गिअरमधले आरपीएम टर्बो जिथून ओढायला लागतो त्याच्या वर राहिले पाहिजेत. त्याखाली गेले की पेडल दाबूनही गाडी ओढत नाही आणि इंजिन कमी फेऱ्यांत जास्त लोड घेतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना अशा गाडीची तापमानाची सुई आधी हलते. ऑटोमॅटिकमध्ये गिअर सारखे वरखाली होतात आणि गिअरबॉक्सचं ऑइल शिजतं.

लोमध्ये, म्हणजे दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या जास्त ओढीच्या गिअरमध्ये, काय होतं तेही पाहा. पहिला ४.०, लो २.४८ आणि ४.१० असेल तर एकूण ४०.७. टायर ३३ चे झाले की याची ताकद जुन्या हिशोबात ३५.६ एवढीच उरते. ४.८८ ने ती ४२.४ होते, म्हणजे मूळपेक्षा थोडी वरच. फार वर मात्र जाऊ नका. आकडा जितका मोठा तितका पिनियन बारीक, दात कमी, आणि मोठ्या टायरचा झटका नेमका तिथेच बसतो.

जिप्सीचं गणित वेगळं आहे. तिच्या ट्रान्स्फर केसचा हायसुद्धा १.४०९ आहे, एकास एक नाही. सूत्रात तो गुणला नाही तर येणारे आरपीएम साफ चुकीचे. जिप्सीत ट्रान्स्फर केसचे गिअर बदलणं हा खरं तर चांगला पर्याय आहे: मूळ लो २.२६८ चा ४.१६ करणारे सेट सुझुकीच्या या घराण्यासाठी बनतात, काहींत हायही उतरतं, आणि एकच डबा उघडून दोन्ही ॲक्सलचं काम होतं.

पैसे देण्याआधी

फोर-बाय-फोरमध्ये दोन्ही ॲक्सलचा रेशो एकच हवा. मागे ४.८८ आणि पुढे ४.१० ठेवून डांबरावर फोर-व्हील लावलं तर काही मिनिटांत ट्रान्स्फर केस किंवा शाफ्टचा क्रॉस (सांधा) तुटू शकतो. म्हणजे खर्च दुप्पट धरा. सेट मागवताना पुढच्याचा पिनियन क्राऊनच्या मध्याच्या वर आहे की खाली, हे सांगा. दोन्हींचे क्राऊन एकमेकांत चालत नाहीत. कॅरिअरचंही (छतावरचा नव्हे, ॲक्सलमध्ये क्राऊन ज्यावर बसतो तो) विचारा. डाना ४४ सारख्या ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून दुसरा लागतो.

ब्रेक रेशोने सुधारत नाहीत. जड टायरला थांबायचं अंतर वाढतं ते वाढतंच. स्पीडोमीटरचं असं की वेगाची नोंद ट्रान्स्फर केसवरून होत असेल तर टायर आणि रेशो सारख्या प्रमाणात वाढल्यावर काटा पुन्हा जागेवर येतो. नोंद चाकाच्या एबीएस सेन्सरवरून होत असेल तर रेशोचा संबंध नाही आणि काटा टायरएवढा चुकीचा राहतो.

कायद्याचं टाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. नागपूरच्या पासिंगचा एमएच ३१ असो की ४९, रस्त्यावर दंड आणि अपघातानंतर विम्याचा नकार ही जोखीम खरी आहे.

बसवताना

क्राऊन-पिनियनबरोबर चारही बेअरिंग, क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी), पिनियनचा नट, ऑइल सील, क्राऊनचे बोल्ट, शिमचा (पातळ चकत्यांचा) संच, थ्रेडलॉक आणि जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० ऑइल घ्या. "जुने बेअरिंग चांगले आहेत, चालवून घेऊ" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका. डायल गेज (बारीक फट मोजणारं घड्याळी माप) आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. नसेल तर दुसरं गॅरेज बघा. जिप्सीत तर गोळा (क्राऊन-पिनियनसकट डिफरन्शियल) सुटा निघतो, तो कापडात गुंडाळून चांगल्या माणसाकडे नेता येतो.

आधी पिनियनची खोली, मग बॅकलॅश, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळीक. क्राऊनच्या दातांना मार्किंगचा रंग लावून, थोडा अडवून फिरवला की ठसा उमटतो. तो दाताच्या मुळाशी उतरला तर पिनियन फार आत आहे, वरच्या कडेला चढला तर फार बाहेर. शिम आतल्या बेअरिंगमागे असेल तर जाड शिमने पिनियन क्राऊनकडे सरकतो. बॅकलॅश बहुतेक ॲक्सलना ०.१५ ते ०.२५ मिमी, क्राऊनच्या तीन-चार जागी मोजून. नव्या बेअरिंगवर पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळ, पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरावरून मोजलेला) साधारण पावणेदोन ते साडेतीन न्यूटन-मीटर. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. नट थोडा थोडा आवळा. जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, स्लीव्ह नवीच टाकावी लागते.

लिफ्टमुळे ॲक्सलचं तोंड वर उचललं असेल तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑइल कमी पोचतं. अशा वेळी नुसतं भोकापर्यंत भरून थांबू नका. गाडीचं नाक थोडं उतारावर ठेवून आणखी थोडं भरा.

पहिल्या दिवशी समृद्धी नको. कामठीपर्यंत साठच्या आत, वेग बदलत जा आणि गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिले ८०० किमी ट्रेलर नाही, चिखल नाही, जोरात पेडल नाही. पेडल दाबल्यावर घों-घों येते आणि सोडल्यावर जाते, किंवा याच्या उलट होतं, तर ठसा चुकलेला आहे. "चालून चालून बसेल" हे खोटं. ८०० ला ऑइल काढा आणि झाकणाच्या चुंबकावर बोट फिरवा. राखाडी, मऊ लेप असेल तर ठीक; नखाला टोचणारा चुरा आला तर गाडी तिथेच उभी करून झाकण उघडायचं.