खेळ खेळून मुलं इंग्रजी बोलतील कशी?

खेळ निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: तास संपेपर्यंत प्रत्येक मुलाच्या तोंडून कोणतं वाक्य यायला हवं? पर्याय दाबून शब्द ओळखता येतात, बोलता येत नाही.

समजा, 'डिड'चे प्रश्न शिकवायचे आहेत. 'डिड यू गो?'ऐवजी 'डिड यू वेंट?' ही चूक हमखास होते. भूतकाळ 'डिड'ने दाखवलेलाच असतो, तरी मुलं क्रियापदही बदलतात. कहूट या फोनवरच्या प्रश्नमंजुषेच्या ॲपवर याच चुकीभोवती ८-१० प्रश्न तयार करा. चुकीचे पर्याय मुलांच्या वह्यांतूनच उचला. मनाने रचलेले पर्याय लगेच ओळखू येतात. २० सेकंद शब्दार्थाला पुरतात, पूर्ण वाक्याला ६० द्या. तरीही घाई पूर्ण जात नाही, कारण नेहमीच्या गुणपद्धतीत झटपट बरोबर उत्तराला १००० पर्यंत गुण मिळतात आणि शेवटच्या क्षणी दिलेल्या बरोबर उत्तराला साधारण ५००. सावकाश वाचणारं मूल मग अंदाजाने बटण दाबू लागतं. म्हणून तिघांत एकच फोन द्या आणि दर प्रश्नाला फोन धरणारा बदला.

निम्म्या गटांचं उत्तर चुकलं, तर पुढच्या प्रश्नावर जाऊ नका. चुकीचं वाक्य फळ्यावर लिहा, जोडीत दुरुस्त करायला लावा आणि तेच दुसरं क्रियापद घालून मोठ्याने म्हणवून घ्या. खरं शिकणं इथे होतं, गुणफलकावर नाही.

मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स हे ॲप वापरा. प्रत्येकाला क्रमांक आणि नक्षी असलेलं छापील कार्ड मिळतं, ते फिरवून उत्तर दाखवायचं आणि शिक्षकाच्या फोनने टिपायचं. चकचकीत लॅमिनेशन किंवा नक्षीवर आलेलं बोट यामुळे कार्ड वाचलं जात नाही.

शेवटची १५ मिनिटं पडद्याविना ठेवा. एकाच आठवड्याच्या डायरीच्या दोन प्रती करा आणि प्रत्येकीत वेगवेगळे दिवस कोरे सोडा. जोडीतल्या दोघांनी 'डिड शी गो टु द लायब्ररी ऑन मंडे?' असे प्रश्न विचारून आपापले कोरे दिवस भरायचे. कागदात डोकावणं टाळायला मध्ये पुस्तक उभं करा. सुरुवातीला वाक्याचा साचा फळ्यावर असू द्या. दोन प्रश्न झाले की पुसा, नाहीतर मुलं शेवटपर्यंत वाचूनच बोलतात. तुम्ही फिरत राहा, चुका टिपा, पण मध्येच कुणाला तोडू नका. पुढच्या वेळच्या प्रश्नांसाठी चुकीचे पर्याय याच टिपणातून मिळतील.