पहिला कंटेनर पाठवताना जहाजापासून मागं मोजा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बिडाच्या पंप बॉडी फाउंड्रीतून घेऊन मशीनिंग करतो आणि जर्मनीला पाठवतो. नव्यानं निर्यातीत उतरणारे विचारतात, "दादा, डिलिव्हरी किती दिवसांची कबूल करू?" मी म्हणतो, आधी नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराची गेट कटऑफ बघा आणि तिथून मागं मोजत या.

भरलेला कंटेनर बंदरात घ्यायची शेवटची वेळ म्हणजे कटऑफ. ती हुकली की पुढचं जहाज. इथून बंदर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, पण मी दोन दिवस धरतो, पावसाळ्यात तीन. वाटेतल्या खंबाटकी घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागची रांग हलत नाही. रिकामा कंटेनरही तिकडूनच येतो, म्हणून भाडं जाण्या-येण्याचं धरा.

त्याच्या अलीकडं स्टफिंगचा, म्हणजे कंटेनरमध्ये माल भरण्याचा दिवस. सेल्फ-सीलिंगची, म्हणजे कंटेनर स्वतःच सील करण्याची कस्टम्सची परवानगी आधीच काढून ठेवा. २०१७ पासून कारखान्यातच ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावता येतं. त्यापूर्वी कस्टम्सचा अधिकारी येईपर्यंत कंटेनर दारात उभा असायचा. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाचा दाखला, विसरू नका.

पॅलेट स्वतः तपासा. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं दिल्याचा आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय कीड-प्रतिबंध नियमाचा शिक्का प्रत्येकावर हवाच. आमच्या पहिल्या खेपेत चार पॅलेट बिनशिक्क्याची निघाली. रात्रभर माल उतरवून पुन्हा बांधला, तरी कटऑफ गेली. ती रात्र अजून आठवते.

कागद मात्र ऑर्डरच्याही आधी. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. बँकेचा एडी कोड (परकीय चलनासाठी अधिकृत बँकेचा क्रमांक) कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा, त्याशिवाय शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज, होत नाही. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नव्यानं भरा. उधारीवर माल देणार असाल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा पैसे बुडण्याविरुद्धचा विमा घ्या.

सगळ्यात मागं फाउंड्री, आणि खरी धाकधूक तिथंच. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा रस तयार असताना लाईट गेली आणि लवकर आली नाही, तर ती हीट, म्हणजे एका वेळचा वितळवलेला घाणा, गेली. रस आतच गोठला तर भट्टीचं आतलं अस्तरही जातं. म्हणून फाउंड्रीवाल्याला दराआधी विचारा : जनरेटरवर भट्टी चालते का, गेल्या महिन्यात किती हीट वाया गेल्या? मी एका हीटचे दिवस जादा धरतो.

माझ्या मशीनवरचं काम नऊ दिवसांचं. कोटेशनमध्ये मी पाच आठवडे लिहितो, तेही फक्त न्हावा शेवापर्यंतचे.