अलार्मची बॅटरी : लाइट जातानाचा हिशेब आणि येतानाचा

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. लाइट नसलेल्या त्या चार-सहा तासांत घराचा चोरीचा अलार्म बंद पडत नाही, म्हणून पॅनेलच्या (अलार्मच्या मुख्य सर्किटच्या) डब्यातली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास देते याचं माप) बॅटरी पुरेशी आहे असं सगळे धरून चालतात. घराला कुलूप लावून कोकणात गेलात आणि पावसात केबल फॉल्ट झाला, की हा अंदाज कोसळतो.

आधी तास ठरवा. युरोपच्या ईएन ५०१३१ या अलार्मच्या मानकात ग्रेड २ (सुरक्षेची एक पातळी) साठी १२ तासांचा बॅकअप धरलाय. सोसायटीत, वॉचमन आणि शेजारी असताना तेवढा पुरतो. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर २४ तास धरा.

मग प्रत्येक उपकरणाचा स्टँडबाय करंट (सायरन वाजत नसताना ते खातं तो) त्याच्या माहितीपत्रकातून घेऊन मिलिअँपिअरमध्ये लिहा. कोथरूडमधल्या छोट्या बंगल्याचा नमुना: पॅनेलचा बोर्ड १००, कीपॅड ५०, जीएसएम मॉड्यूल (सिमवरून फोन लावणारं) ६०, पाच पीआयआर (हालचाल ओळखणारे सेन्सर) प्रत्येकी १५ प्रमाणे ७५. दार-खिडक्यांच्या मॅग्नेटिक सेन्सरचे शून्य. आत नुसता रीड स्विच (चुंबकाने उघडबंद होणारा), तो काही खात नाही. वायरलेस सेन्सर स्वतःच्या सेलवर चालतात, तेही सोडा. बेरीज २८५.

२४ तासांचे ०.२८५ × २४ = ६.८४ एएच. सायरन वाजताना बाहेरचा ७००, आतला ३००, फोन लावताना जीएसएमचे जादा २०० आणि मूळचे २८५, म्हणजे साधारण दीड अँपिअर. १० मिनिटांचे ०.२५ एएच. एकूण ७.०९. याला १.२५ ने गुणा, कारण क्षमता ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायची असते आणि त्या शेवटच्या दिवशीही ती पुरली पाहिजे. उत्तर ८.९. म्हणजे ७ वाली नापास, ९ वाली अगदी काठावर, १२ वाली घ्या. १२ तासांसाठी हाच हिशेब ४.६ वर थांबतो, तिथे ७ वाली निवांत चालते.

इथवर बरेच जण येतात. राहतो तो लाइट येतानाचा हिशेब. बॅटरी रिकामी आहे, तिला चार्जिंग हवंय, आणि नेमका तेव्हाच सायरन वाजला तर सगळा भार एकट्या सप्लायवर, म्हणजे मेन्सवरून अलार्मला वीज देणाऱ्या युनिटवर. १२ एएचला दहाव्या हिश्शाने १.२ अँपिअर चार्जिंग, अधिक दीड, झाले २.७. सप्लाय कायम ८० टक्क्यांच्या आत चालवायचा, म्हणून १३.८ व्होल्टचा ३ अँपिअरवाला नको, ५ अँपिअरवाला घ्या. पॅनेलचाच चार्जर वापरणार असाल तर त्याची मर्यादा बघा: तो ३५० मिलिअँपिअरच देत असेल तर रिकामी १२ एएच भरायला दीड दिवसाहून जास्त लागतो. ऑक्स टर्मिनलची (पॅनेलवरून सेन्सरला वीज देणाऱ्या जोडणीची) मर्यादाही वेगळी असते. सायरन तिथे जोडू नका, त्याला स्वतःचं टर्मिनल असतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे सीसीटीव्हीच्या १२ व्होल्ट एसएमपीएसला (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या सप्लायला) समांतर बॅटरी जोडणं. लेड-अॅसिड बॅटरीला फ्लोटवर (कायम चार्जिंगला लावून ठेवताना) १३.५ ते १३.८ व्होल्ट लागतात. १२ वर ती कायम अर्धपोटी राहते, प्लेटवर सल्फेट बसतं आणि काही महिन्यांत अर्ध्या तासात मान टाकते. मग कोणीतरी एसएमपीएसचा स्क्रू फिरवून १३.८ करतो, आणि त्याच लाइनवरचे कॅमेरे तापू लागतात. अलार्मला चार्जर असलेला, १०.५ व्होल्टच्या आसपास बॅटरी तोडणारा वेगळा सप्लायच हवा.

वायरकडेही बघा. टेलिफोनच्या ०.५ मिमी तारेचा रोध मीटरला साधारण ०.०९ ओहम. सायरन २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, साडेतीन ओहम. ०.७ अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच गेले, बॅटरी ११.५ वर आली की सायरनला मिळतात ९, आणि तो कुईकुई करतो. तिथे १ चौरस मिमीची तांब्याची वायर टाका, घट अर्ध्या व्होल्टवर येते.

तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एप्रिलमधल्या पुण्याच्या उन्हात गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवी घेताना मल्टिमीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर ती शेल्फवर पडून राहिलेली आहे, दुसरी मागा. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा.

घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून पॅनेलची बॅटरी काढू नका. इन्व्हर्टर ट्रिप होतो, त्याचा स्विचही कुणाच्याही हाताला लागतो.

शेवटी खरी चाचणी. एमसीबी पाडा, बॅटरीच्या लाल वायरीत मीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावा आणि करंट वाचा. मिलिअँपिअरच्या रेंजवर असताना सायरन वाजला तर मीटरचा फ्यूज जातो. आकडा कागदावरच्या बेरजेपेक्षा बराच जास्त आला तर एखादं उपकरण मोजायचं राहिलंय. मीटर काढून बॅटरी पुन्हा थेट जोडा आणि २४ तास तशीच चालू द्या. नव्या १२ एएचवर तेव्हा १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून सायरन वाजवा. वाजत असतानाही ११.५ च्या वर राहिले तर एमसीबी वर करायला हरकत नाही.