लोकांवर विश्वास ठेवता का? पाहणी करताना या चुका टाळा

"बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं?" १९८१ पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणातला हा प्रश्न मी नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंना विचारला. त्या लगेच म्हणाल्या, "आजकाल कोणाचा भरोसा राह्यला हो?" तेवढ्यात शेजारची पोरगी आली. या महिन्याची भिशी तिच्या आईला लागली होती. काकूंनी पिशवीतली नोटांची गुंडाळी तिच्या हातात दिली, पोरीने न मोजताच नेली. कुठे सही नाही, कागद नाही. माझ्या फॉर्मवर मात्र काकूंच्या नावापुढे 'अविश्वास' अशी खूण झाली होती.

सगळ्यात मोठी चूक हीच. 'बहुतेक लोक' म्हणजे कोण, हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि आपण सगळ्यांची बेरीज करायची. २०११ मध्ये डेल्हाय, न्यूटन आणि वेल्झेल या अभ्यासकांनी ५१ देशांची आकडेवारी तपासून दाखवलं, की या दोन शब्दांचा परीघ देशागणिक बदलतो. म्हणून घरचे, शेजारी, ओळखीचे, पहिल्यांदाच भेटलेले, दुसऱ्या धर्माचे असं वेगवेगळं विचारा. आपल्याकडे दुसऱ्या जातीचे आणि दुसऱ्या भाषेचे हेही हवेत. शिवाय, विश्वास ठेवणारा माणूस जपूनही राहतोच. दोन्हींतलं एकच निवडायला लावू नका.

'कोणत्या संस्थेचे सभासद आहात?' एवढ्यावर थांबलात तर काकूंची भिशी निसटते. भिशी, बचत गट, भजनी मंडळ ही नावं घेऊन विचारा, आणि त्यात आपल्या जातीबाहेरचं कोण आहे तेही. सामाजिक भांडवल, म्हणजे लोकांमधले संबंध आणि विश्वास, मोजताना मला हा उपप्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो.

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथे घराघरांत आहे. तेव्हा हिंदी फॉर्म घाईने उरकू नका. तो दुसऱ्याकडून परत मराठीत करून घ्या, अर्थ कुठे सरकला ते कळतं.

प्रश्न विचारणाऱ्याचं आडनाव ऐकूनही उत्तर बदलतं. इंदोऱ्यासारख्या बौद्ध वस्तीत आणि मोमिनपुऱ्यासारख्या मुस्लिम वस्तीत एकच माणूस पाठवू नका, आणि कोणी कुठे विचारलं याची नोंद ठेवा. सासू शेजारी बसली असेल तर तेही लिहा.

शेवटी आकडे. ४०० जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यात टक्केवारी साधारण ५ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते. त्यातल्या ४० जणांच्या एखाद्या समाजगटासाठी तोच फरक १५ अंकांच्या वर जातो. एवढ्यावर 'अमुक समाज कमी विश्वास ठेवतो' असं छापू नका. त्या गटातून मुद्दाम जास्त माणसं घ्या आणि शहराची सरासरी काढताना त्यांच्या उत्तरांचं वजन, म्हणजे हिशेबातला वाटा, त्या प्रमाणात कमी करा.